दादाच्या गाडीच्या काळ्या पट्ट्या

मी दादाच्या गाडीच्या दारांवरच्या काळ्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या उलथण्याने उखडून काढल्या. मला कुणी काढायला सांगितलं नव्हतं. पुतणीचं लग्न महिन्यावर आलं होतं, गाडीला रंग द्यायचा होता, आणि नंदुरबारचा आमचा रंगारी सहज म्हणाला होता, "काका, पट्ट्या काढून आणल्या तर रंग साफ बसेल." शहाण्या माणसाने विचारलं असतं, कशा काढू? मी घरी आलो आणि उलथणं शोधलं.

हल्लीच्या गाड्यांना या पट्ट्या फारशा नसतात, म्हणून सांगतो. जुन्या गाडीच्या दारांवर मध्यभागी आडवी, तीनेक बोटं रुंद अशी काळी पट्टी असायची. शेजारच्या गाडीचं दार आपटलं, सायकलचं हँडल घासलं, म्हशीने जाता जाता अंग खाजवलं, की ते सगळं त्या पट्टीने सोसायचं. आत प्लास्टिकच्या चिमुकल्या क्लिपा असतात आणि त्या दाराच्या भोकांत अडकून बसतात. मी उलथणं खाली सारायचो, 'टक्' व्हायचं, पट्टी सुटायची. मला वाटायचं, निघाली क्लिप. टक्. निघाली. टक्. काय हात आहे, म्हटलं, आपण उगाच ऑफिसात फायली उपसत बसलो. सगळ्या पट्ट्या अंगणात ओळीने मांडल्या तेव्हा कळलं, निघाली एकही नव्हती. सगळ्या मोडल्या होत्या. वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तशा.

बायको चहा घेऊन बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

"ते उलथनं मन्हं शे."

"अगं, गाडीचं काम होतं."

"गाडी मोडनी ते मोडनी. उलथनं कसाले वाकाडं?"

गाडी माझी असती तर मी पट्ट्या भंगारात टाकून मोकळा झालो असतो. पण ती दादाची होती. पांढरी, चौकोनी, बिस्किटाच्या डब्याला चाकं लावावीत तशी. धानोऱ्याच्या आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी. तिच्यात गल्लीतल्या निम्म्या सुना बाळंतपणासाठी नंदुरबारला गेल्या आणि येताना एक माणूस वाढवून आल्या. सारंगखेड्याच्या जत्रेला आम्ही तिच्यात इतके जण कोंबून जायचो की उतरल्यावर आपला पाय कोणता, हे चिमटा काढून पाहावं लागे. दादा गाडी चालवताना गप्प असायचा. फक्त रिव्हर्स घेताना मोठ्याने "हो, हो, हो" म्हणायचा, बैलाला थांबवताना म्हणतात तसं. आपण ब्रेकवर पाय ठेवला आहे, यावर त्याचा पुरता विश्वास कधीच बसला नाही.

दादा गेल्याला आता काही वर्षं झाली. गाडी धानोऱ्याला वहिनीच्या दारात उभी असायची. मी अधूनमधून जाऊन सुरू करायचो, आरटीओत नेऊन पुन्हा पास करून आणायचो, आणि बदल्यात वहिनीच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन यायचो.

पुतणीला खापरचं स्थळ मिळालं, लग्न धानोऱ्याला आमच्या मांडवात ठरलं. मुलाकडच्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, पाठवणीला नवरीसाठी आमची नवी गाडी येईल, एसीची. पुतणी म्हणाली, नको. वहिनी तिच्याही एक पाऊल पुढे जाऊन म्हणाली, "पोर जाई ते तिन्हा बापनी गाडीमाज." सासरची माणसं समजूतदार, त्यांनी मान्य केलं. म्हणून तर रंगाची घाई. गाडी नंदुरबारला माझ्याकडे आणून रंग द्यायची जबाबदारी मी अंगावर घेतली होती. मागून घेतली होती, हेही सांगून टाकतो.

पट्ट्या काढलेली गाडी पाहायला वहिनी नंदुरबारला आली. दारांवर गंजाची आडवी रेघ आणि तिच्यात ओळीने भोकं. दात पडलेलं तोंड उघडं टाकून कुणी झोपलं आहे, असं दिसत होतं.

"रंग लागल्यावर चांगली दिसेल," मी म्हणालो.

"आन पट्ट्या?"

"त्या काय, बसवू."

वहिनीने एका भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, पट्ट्या नही बसन्यात ते ऱ्हाऊ द्या. त्यासनीच गाडी येऊ द्या. पोरना बापनी नागडी गाडी मी मांडवमा नही उभी करनार."

ती रागावून बोलली असती तर मी काहीतरी पांचट विनोद करून सुटलो असतो. ती अगदी सरळ बोलली.  पोरीची एकच इच्छा होती, आणि ती मी उलथण्याने खरवडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मोडकी क्लिप चिमटीत धरून मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ती उजेडात धरली, नाकाशी धरली, नातेवाइकाचा जुना फोटो पाहावा तसं तिच्याकडे पाहिलं. "काका, ही गाडी बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. कंपनीने पार्ट काढणंच सोडलं." मग त्याने दुसऱ्या गाड्यांच्या क्लिपा दाखवल्या. त्यातल्या काही भोकात हरवल्या, काही भोकात शिरेनात. एक शिरली, ती आतच राहिली. आजही दार जोरात लावलं की ती खुळखुळते.

मग मी विसरवाडीला गेलो. तिथे हायवेवर भंगाराची मोठी दुकानं आहेत. ट्रकचे दात, बसची हाडं, सगळं मिळतं. तिथल्या भंगारवाल्याने माझं ऐकून घेतलं आणि हसत मला मागच्या बाजूला नेलं. तिथे दादाच्याच गाडीची सख्खी बहीण उभी होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, आत कोंबड्या. स्टेअरिंगवर एक कोंबडा अशा थाटात बसला होता की दादाची आठवण आली.

"इंजिन देतो, दरवाजे देतो, छत कापून देतो," भंगारवाला म्हणाला. "पट्ट्या मात्र कुणीतरी केव्हाच नेल्या."

मी वाकून भोकांत पाहिलं. क्लिपांचे तुकडे आतच होते, आणि भोकांच्या कडांना चपट्या पात्याचे ओरखडे. इथेही कुणीतरी उलथणंच चालवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जगात आपण एकटे नाही, ही भावना माणसाला केव्हा आणि कुठे भेटेल, सांगता येत नाही.

क्लिपांचा नाद सोडला. रंगाऱ्याने भोकं बुजवून गाडी पांढरीशुभ्र करून दिली, तेव्हा मी पट्ट्यांच्या मागे दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली, दाबून दाबून पट्ट्या बसवल्या आणि शीळ घालत धानोऱ्याला निघालो. वहिनीला दाखवायचं होतं. वाटेत मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत आला. मी ऐटीत साइड दिली. तो पुढे जाईना. शेवटी शेजारी येऊन ओरडला, "काका, थांबा! तुमनी गाडी कात टाकी ऱ्हायनी!"

त्याच्या काखेत माझ्या दोन पट्ट्या होत्या. तिसरी मागे रस्त्यात आडवी पडली होती आणि एक कुत्रं तिच्याभोवती फिरून फिरून भुंकत होतं. मी तिथूनच गाडी वळवली.

मग गोंद. दोन नळ्यांतला, कालवून लावायचा. कडक उन्हात पक्का वाळतो, असं डबीवर लिहिलं होतं. कडक ऊन म्हटल्यावर मला माझा मिरचीवाला मित्र आठवला. नंदुरबारच्या बाहेर त्याची पथारी आहे. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. हंगामात तिथे पाहावं तिकडे लाल जमीन, झाडाची सावली नावाला नाही. मी फोन केला. तो म्हणाला, "लई ये. जठे मिरची वाळस तठे गोंद नही वाळनार का?"

नंदुरबारच्या माणसालाच सुचेल, असा हा विचार होता, आणि दोन नंदुरबारकरांना तो एकाच वेळी पटला. मी पथारीच्या मधोमध गाडी उभी केली, गोंद लावला, पट्ट्या बसवल्या आणि मित्राच्या खोपटात चहा प्यायला गेलो. दुपारी वारा सुटला. बायका मिरच्या उलटत होत्या, त्यांनी डोक्यावरून पदर घेतले. आम्ही बाहेर आलो तेव्हा पट्ट्या खाली मिरच्यांत पडल्या होत्या, गोंद मात्र दारांवरच होता, आणि त्याच्यावर मिरचीचं बी, साल, भुकटी असं सगळं येऊन घट्ट बसलं होतं. पांढऱ्या गाडीला टोकापासून टोकापर्यंत तिखटाची किनार.

मित्राला शिंका येत होत्या, तरी त्याने मध्येच थांबून विचारलं, "गाडीले फोडनी दी का रे?"

ती किनार मी ब्लेडने खरवडली, रंगाऱ्याच्या पाया पडून रंगाचा हात पुन्हा मारून घेतला. गोंद पट्टी सोडून जगातलं सगळं धरतो, हे कोडं मात्र सुटेना. लग्न दोन दिवसांवर आलं. हळदीच्या सकाळी मी गाडी आणि पट्ट्या घेऊन धानोऱ्याला गेलो आणि पट्ट्या वहिनीच्या ओट्यावर ठेवल्या. म्हटलं, "वहिनी, हरलो. त्यांना फोन करा, गाडी पाठवा म्हणून सांगा."

वहिनी धुतलेल्या हळकुंडांचं सूप बाजूला सारून पट्ट्यांपाशी आली. तिने एक पट्टी उचलली. उलटी केली. अंगठ्याने पाठीमागून चोळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेल शे."

"कशाचं तेल?"

"एरंडीनं."

मला एकदम सगळं आठवलं. दादाने बैलजोडी विकली आणि त्याच वर्षी ही गाडी घेतली. बैल गेले, पण हाताला लागलेलं वळण कुठे जाईल? रविवारी सकाळी तो गाडी धुवायचा, मग एरंडेलाची वाटी आणि फडकं घेऊन दाराशी उकिडवा बसायचा, आणि बैलांच्या शिंगांना चोळायचा तसं त्या काळ्या पट्ट्यांना तेल चोळायचा. पुढून मागे, मागून पुढे. पट्ट्या काजळासारख्या चमकायच्या. पोळ्याला तर तो बॉनेटवर पुरणपोळी ठेवायचा, आणि ती मी खायचो, कारण गाडी खात नव्हती. आम्ही त्याला हसायचो. तो म्हणायचा, "ज्यान्हावर बसानं, त्याले तेल नको का लावाले?"

"पण वहिनी," मी म्हणालो, "दादाला जाऊन इतकी वर्षं झाली. एवढं तेल अजून कसं राहील?"

वहिनीने पट्टी खाली ठेवली. पदराला बोट पुसलं. "मी लावस," ती म्हणाली. "दर रविवारले."

 मी महिनाभर टेपेला, गोंदाला, वाऱ्याला, मित्राला, सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या. आणि इकडे वाटी आणि फडकं अजून कोनाड्यात होतं, मी भाकरी खायला बसायचो त्याच्याच वर.  

वहिनीने पट्ट्या गोळा केल्या. "काढनं पडी," म्हणाली. काढावं लागेल. चुलीवर हळदीच्या कार्यक्रमासाठी पाणी तापत होतं, त्यातलं तिने बादलीत घेतलं, शिकेकाई टाकली आणि अंगणातल्या दगडावर बसून एकेक पट्टी धुवायला लागली. लहान पोराचं डोकं धुवावं तशी. फेस काळा यायचा, मग करडा, मग पांढरा. मी म्हटलं, "वहिनी, मी धुतो." तिने मानेनेच नाही म्हटलं. एक पट्टी धुऊन झाली की ती तिच्यावरून बोट फिरवायची, आणि बोट कोरडं करकरेपर्यंत पुन्हा धुवायची. शेवटच्या पट्टीला तिने जरा जास्त वेळ लावला. मी तेवढ्यात गोंद कालवायच्या निमित्ताने गाडीच्या पलीकडे गेलो.

आता प्रश्न उरला दाबाचा. गोंद धरेपर्यंत पट्ट्या दाबून ठेवायला हव्यात. माझी बायको हळदीसाठी आली होती, तिने उपाय काढला. जुन्या सुती साड्या. एका दारावरून दुसऱ्या दारावर, खिडक्यांतून आरपार घेऊन पिळून बांधायच्या. बाहेरून ती आणि वहिनी पट्टी दाबून धरणार, आणि आत बसून साडीचं टोक इकडून घेऊन तिकडे देणार मी. माझ्या योग्यतेचं काम होतं. साडी आत आली की मी ओढायचो, पुढे सारायचो, "आवळा!" म्हणून हुकूम सोडायचो. हिरवी साडी, जांभळी साडी, एक गुलाबी लुगडं. शेवटची गाठ बसली, मी खूश होऊन "झालं!" म्हणालो आणि दार उघडायला गेलो.

चारही दारं बांधलेली होती. आणि मी आत होतो.

खिडकीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग रिटायर झाल्यापासून जे काही मिळवलं होतं ते अडकलं. बायको म्हणाली, "हालू नका. पट्टी निंघी जाई."

नेमक्या त्याच वेळी गल्लीतल्या बाया हळदीला आल्या. अंगणात साड्यांनी बांधलेली गाडी आणि तिच्या खिडकीत मी, असं दृश्य.

"गाडीले काय व्हयनं व माय?" एकीने विचारलं.

"गाडीनं हाड जोडी ऱ्हायनूत," वहिनी म्हणाली.

"आन मजारना मानूस?"

"तो पयलेथीन तसाच शे," माझी बायको म्हणाली.

नवरीला हळद लागली, मग काकाला लावायची असते. काका कुठे, तर गाडीत. बायांची चंगळ झाली. दोन्ही खिडक्यांतून हात आत आले. पळायला जागा नव्हती. कानांत, नाकात, चष्म्याच्या काचांना, गेलेल्या केसांच्या जागी, सगळीकडे हळद. पुतणी स्वतः हळदीने माखलेली आली आणि तिने माझ्या गालाला हळद लावली. हसता हसता तिचा हात स्टेअरिंगवर गेला. तिथेही तिने एक पिवळं बोट टेकवलं. ती परत वळून गेली तरी मी त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होतो. संध्याकाळी साड्या सोडल्या तेव्हा मीही सुटलो.

पट्ट्या बसल्या होत्या. वहिनीने नखाने उचकटून पाहिल्या, हलल्या नाहीत. एक बाजू जराशी तिरकी होती, पण दादाची टोपीही तशीच असायची.

लग्न लागलं. जेवणं झाली. गाडी मांडवाच्या तोंडाशी उभी होती, झेंडूच्या माळा घालून. मुलाकडचे पाहुणे तिच्याकडे पाहून गालात हसत होते, पण म्हातारी माणसं जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवत होती. पाठवणीच्या वेळी वहिनी लेकीच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसले, दाराजवळ आली आणि पट्टीवरून एकदा तळहात फिरवला. मागे-पुढे. मला म्हणाली, "भाऊ, सांभाळीसन लई जा."

हे वाक्य तिने मला म्हणायला नको होतं. मी ते फारच मनावर घेतलं.

मागे नवरा-नवरी आणि पाठराखीण म्हणून निघालेली माझी बायको, पुढे मी एकटा. सायकलवाल्याच्या बरोबरीने मी नंदुरबार ओलांडलं. खड्डा दिसला की थांबायचो. स्पीडब्रेकरवर तर गाडी उचलून पलीकडे ठेवावी, असं वाटायचं. तापीच्या पुलाच्या अलीकडे उतरून मी चारही दारांच्या पट्ट्यांना अंगठा लावून आलो. पुलाच्या पलीकडे पुन्हा उतरलो, कारण पुलावर वारा असतो. वऱ्हाडाची बस आम्हाला ओलांडून गेली, पोरांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. मग सामानाचा टेम्पो गेला. मग भांडी घेऊन जाणारा ट्रॅक्टर गेला. तळोद्यात जावईबापूंच्या फोनवर फोन. पंक्चर झालं का? नाही. रस्ता चुकले का? नाही. दारात आरती घेऊन उभ्या आहेत सगळ्या. "येतोय," जावई म्हणायचे, आणि आरशातून माझ्याकडे बघायचे. फार सज्जन मुलगा. बायको मागून माझ्या सीटला गुडघ्याने ढोसत होती.

अक्कलकुव्याच्या पुढे उतार लागला. मी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, रुमाल काढून उतरलो आणि मागच्या दाराशी वाकून पट्टीच्या टोकाला अंगठा लावला. घट्ट होती. तरी अजून जरा दाबून धरली. काच खाली झाली. मुंडावळ्या बाजूला सारून, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पुतणीने माझ्याकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सासरले माले पोचाडी ऱ्हायनात का पट्टीले?"